आईची अर्धशिशी, रोजची गोळी आणि तोंडावर आलेला ऊसतोडीचा हंगाम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हा धागा आईसाठी काढतेय. आम्ही धारूर तालुक्यातले (जि. बीड). आई-बाबा दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन सांगलीकडे जातात, ते मार्च-एप्रिललाच परत येतात. मी आजीजवळ राहून कॉलेज करते. आई 38 वर्षांची आहे.

तिला अर्धशिशी मी लहान असल्यापासून आहे. आधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा येतात, मग उजवं कानशील ठणकायला लागतं. उजेड नको, आवाज नको, शेवटी उलटी. पूर्वी हे महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं, पाळीच्या सुमाराला हमखास. गेली दोन वर्षं मात्र ती रोजच जड डोकं घेऊन उठते.

टोळीवर पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारातच फड गाठायचा, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. ती एक दिवस झोपून राहिली तर खाडा पडतो. कोयता म्हणजे दोघं मिळून एक, त्यामुळे बाबांचाही दिवस जातो आणि मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीत पैसे वळते करतो. म्हणून दुखायला लागायच्या आधीच ती किराणा दुकानातली डोकेदुखीची गोळी घेते. "गोळी हाय म्हणून कोयता चालतोय," म्हणते. गेल्या महिन्यात मी दिनदर्शिकेवर खुणा केल्या, तर 22 दिवस गोळी घेतलेली निघाली. काही दिवशी तीन-तीन.

तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तिथे हात न लावताच मेंदूचा स्कॅन सांगितला. तेवढे पैसे नव्हते, परत आलो. आजी दिवस उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध देते. आई तिचं मन राखायला खाते, पण उतार पडत नाही.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, हातापायांची ताकद पाहिली, चालायला लावलं, सगळं नीट विचारलं. म्हणाले, अर्धशिशी आहेच, पण हे रोजचं दुखणं गोळ्यांमुळे आलंय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देतात, पण आईला दमा आहे म्हणून ती देता येत नाही. त्याऐवजी त्याच कामाची अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ रात्री सुरू केली आणि दुकानातली गोळी बंद करायला सांगितली.

चौथ्या दिवशी तिचे हाल झाले. भिंतीला डोकं टेकून रडत होती. शेजारच्या काकूंनी मायेपोटी गोळी दिली आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

हंगामाला आता अडीच महिने आहेत. ते पहिले दिवस कसे काढायचे? अमिट्रिप्टिलिनने सकाळी गुंगी राहते, कोयता हातात असताना ते कसं चालेल? आणि टोळीवर पाच-सहा महिने औषध कुठून आणायचं? इथे एका वेळी दहा-पंधरा दिवसांचंच मिळतं. कुणाच्या घरात हे झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी उपकेंद्रात सिस्टर आहे. गोळी थांबवल्यावर दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं. हे आईला, आजीला आणि त्या शेजारच्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा. बायकांना वाटतं, दुखणं वाढलं म्हणजे औषध चुकलं. खुरपणीचं काम नसेल असा आठवडा निवडा आणि स्वयंपाक तुम्ही घ्या. उलट्यांसाठी गोळी डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवा. आमच्याकडे एका वहिनींना सहावा दिवस सगळ्यात वाईट गेला, नवव्या दिवशी त्या स्वतः उठून चहा करायला गेल्या.

अमिट्रिप्टिलिनचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून दिवाळीची वाट न पाहता आताच सुरू करा. झोपताना न घेता संध्याकाळी सातला घेतली तर पहाटेची गुंगी कमी होते. तोंड कोरडं पडतं, फडात पाण्याची कॅन जवळ हवी. पुढे अर्धशिशी उठलीच तर आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नाही. पण जेव्हा घ्याल तेव्हा सुरुवातीलाच आणि पुऱ्या मात्रेत, म्हणजे पॅरासिटामॉल 500 च्या दोन. दम्यात आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.

केसपेपर आणि चिठ्ठीचा फोटो बाबांच्या मोबाइलवर ठेवा. सांगलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही आईंना औषध मिळायला हवं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तिथल्या उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं.

डोकं एकाएकी, क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तापात मान आखडली, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं किंवा फिट आली, तर टोळीवर थांबायचं नाही, थेट 108.

आणि एक महत्त्वाचं. डोळ्यांपुढे रेषा येतात म्हणालात. अशा बाईने माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, लकव्याचा धोका वाढतो. आई घेते का?

धागाकर्ती

सिस्टर, मनापासून आभार. आईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय, ती घेत नाही. पण मावशीलाही अशाच रेषा दिसतात आणि ती माला-एन घेते! आशाताईंकडून पाकीट येतं. तिला आजच फोन करते. त्याऐवजी छाया ही दुसरी गर्भनिरोधक गोळी चालेल का, तिने कुणाला विचारावं?

गौरी-गणपतीनंतरचा आठवडा आईने ठरवलाय. दुकानदार काकांनाही मी सांगून आले, आईने मागितली तरी गोळी देऊ नका.