मंदी रणगाड्यांनी संपली म्हणे!

वागळेकर: सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी ठोकून दिलंय, '१९३०ची मंदी दुसऱ्या महायुद्धाने संपली, सरकारी योजनांनी नाही. फुकटं वाटून देश उभा राहत नाही.' तिथे बोललो तर मेंटेनन्सच्या मीटिंगपर्यंत डूख धरतील, म्हणून इथे लिहितोय. १९३३ला अमेरिकेत चारातला एक जण बेकार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने रस्ते, पूल, शाळांची कामं काढली तशी बेकारी उतरली. १९३७ला तुटीच्या धास्तीने हात आखडता घेतला, तर मंदी परत दारात. आणि युद्धखर्च काय काकांच्या खिशातून झाला? तोही सरकारीच ना?

घणसोलीवाला: सोयीचं तेवढंच सांगा. १९४०लाही बेकारी १४ टक्क्यांवर होती. १९४४ला दोनच्या खाली.

वागळेकर: त्या १४ टक्क्यांत सरकारी कामांवरचे मजूरही बेकार धरलेत. आणि १९४४ला कोटभर माणसं फौजेत होती, बेकार उरणार कोण?

नौपाड्याची: तिकडे उभारी आली, इकडे त्याच युद्धासाठी नोटा छापल्या, धान्य कडाडलं, १९४३ला बंगालात लाखो माणसं अन्नाविना मेली. ते कुठल्या खात्यात मांडायचं?

सडाफटिंग: ते राहू द्या. रोहयोसाठी, म्हणजे आपल्या रोजगार हमी योजनेसाठी म्हणून १९७५ला लावलेला व्यवसाय कर माझ्या पगारातून अजून का कापतात? महिना २००, फेब्रुवारीत ३००. मला काय मिळालं? घोडबंदरचे खड्डे!

नौपाड्याची: आलं रडगाणं. माझी आजी ७२च्या दुष्काळात बीडकडे सरकारी कामावर खडी फोडत होती. तळहाताला फोड, पदरात सुकडी. मुकादम मस्टरवर खोटी नावं चढवायचा, तेही तीच सांगायची. पण त्या मजुरीवर घर तगलं, गाव सोडावं लागलं नाही.

घणसोलीवाला: खोटी नावं! स्वतःच कबूल केलंत.

नौपाड्याची: आणि युद्धाचे कंत्राटदार काय भजनाला बसले होते? त्यांचे घोळ तपासायला १९४१ला अमेरिकेत सिनेटर ट्रूमनची समिती नेमावी लागली. तुमच्या रणगाड्यांनाही मुकादम होतेच.

घणसोलीवाला: आवाज चढवू नका. बरं, १९३७चं घ्या तुमच्या पदरात. तेवढंच.

वागळेकर: उपकार झाले. हेच काकांना ऐकवा, मी स्क्रीनशॉट टाकतो.

सडाफटिंग: माझ्या कराचं राहिलंच. २०२३पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना माफ. पुरुषांनी काय घोडं मारलंय?

नौपाड्याची: त्यासाठी वेगळा धागा काढा. मी तिथेही येते.