पोट्ट्यांना विचारून बगीचा?

चिमणीची_आई: काल इथं कोणीतरी लिहिलं, "लहान मुलांना विचारून वस्ती सुधारायची म्हणजे फोटोसाठी नाटक, इंजिनिअर कशाला आहेत मग". खाली धडाधड लाइक. म्हणून लिहून राहिले. आमच्या बगीच्यात घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला, मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही बसलं का मांड्या भाजतात. ऊन उतरल्यावर पोट्टे येतात तर दिवे बंद. हे कोण्या ड्रॉइंगमध्ये दिसलं? माझ्या पोरीनं एका दमात सांगितलं, वरून हेही का ओपन जिमवर काका लोक बसून मोबाईल पाहतात. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनचा 'अर्बन९५' उपक्रम हेच सांगते, ९५ सेंटीमीटर म्हणजे तीन वर्षांच्या लेकराची उंची, तिथून शहर पाहा.

तर्रीपोहा: ताई, ९५ सेंटीमीटरवरून आमच्या गल्लीत सिमेंट रोडची कड दिसते फक्त! जुना रोड न खोदता वर सिमेंट ओतलं, घरं खाली गेली, पाऊस आला का पाणी देवघरात. आधी हे, मग झोपाळे.

महालकर: बरोब्बर! २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा याच रोडांनी घात केला.

झिरोमाइल: काहीही बे. नाग नदीचं पात्र आवळलं ते नाही दिसत?

महालकर: बे कोणाले म्हणतो? माझ्या मामाचा फ्रिज तरंगला त्या पहाटे, तू झोपला होता.

चिमणीची_आई: अहो धागा मुलांचा आहे!!

रिटायर्ड_ओव्हरसिअर: ती पोस्ट माझीच. मोठ्यांना तरी कोण विचारतं? ७४ व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समित्या आल्या, इथं मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कितीतरी काळ नगरसेवकच नाही, प्रशासक. सभा घेतली का जो तो पार्किंग मागतो. आणि मुलांची सभा म्हणजे चित्रकला स्पर्धा, पाहुणे, बिस्किटचा पुडा. चित्रं कपाटात, टेंडर आधीच निघालेलं.

चिमणीची_आई: मग टेंडरच्या आधी विचारा ना काका! एस्टिमेट बनायच्या आधी पोट्ट्यांसोबत जागेवर एक चक्कर मारा.

आठवीचा_बाप: विचारलं तर वॉटर पार्क मागतील.

चिमणीची_आई: माझीनं मागितलं काय, तर क्रिकेटवाल्यांचा बॉल लागणार नाही अशी जागा. मोठ्या मुली म्हणूनच येत नाहीत तिथं.

रिटायर्ड_ओव्हरसिअर: बरं बाई, मारा चक्कर. घसरगुंडी उत्तरेला फिरवायला होकायंत्र पुरलं असतं, पण झोपाळ्याची साखळी तुटली का तक्रार घ्यायलाही त्याच पोरांना बसवा, आमच्याकडे बजेटमधलं देखभालीचं हेड (खर्चाचं खातं) कोणी भरत नाही.

तर्रीपोहा: आणि रोडच्या कडेवरून माझं पोरगं सायकलसकट पडतं, तेही त्या चक्करमध्ये दाखवा म्हणा. हा विषय मुलांचाच आहे ना आता?