इंडियन पासपोर्टवर यूकेत खासदाराला मेल करता येतो का?

नवा_रीडिंगकर:
स्किल्ड वर्कर व्हिसावर रीडिंगला आलोय, बायकोचा डिपेन्डन्ट व्हिसा अडकलाय. ऑफिसातला एक जण म्हणाला सरळ तुझ्या एमपीला (खासदाराला) मेल टाक. पण आपण ना सिटिझन ना पीआर (कायमचे रहिवासी), ओळख तर कुणाचीच नाही. पुढे आयएलआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीला, त्रास तर नाही ना होणार?

हॅरोवाला:
बिनधास्त टाक. तू त्या मतदारसंघात राहतोस एवढं पुरे, पासपोर्ट कुठला ते कुणी विचारत नाही. फक्त घरचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिही, कारण खासदार आपल्याच मतदारसंघातल्या लोकांची कामं घेतात. निर्णय त्यांच्या हातात नसतो पण ते व्हिसाच्या खात्याला विचारतात आणि मग खात्याला त्यांना उत्तर द्यावं लागतं. मदत मागितली म्हणून अर्ज नाकारत नाहीत रे.
मी सांगली जिल्ह्यातला, आमच्याकडे आमदाराला भेटायचं म्हणजे आधी गावातला कार्यकर्ता गाठायचा, मग बंगल्याबाहेर ताटकळत बसायचं. इथे आईच्या व्हिजिटर व्हिसासाठी मी मेल केला तर लेटरहेडवर सहीचं उत्तर आलं, ज्याने या माणसाला मत दिलंय की नाही हेही कुणाला माहीत नाही त्याला! मला खरंच भरून आलं होतं.

लेस्टरची_ताई:
मेलवर भागलं नाही तर सर्जरीची (खासदार लोकांना भेटतात त्या बैठकीला इथे सर्जरी म्हणतात) अपॉइंटमेंट घे, बहुतेक शुक्रवारी नाहीतर शनिवारी असते, लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये, कुठेही, आणि समोरासमोर बसून बोलता येतं. खासदार जो कॉक्स यांचा 2016 मध्ये सर्जरीला जातानाच खून झाला, खासदार डेव्हिड एमेस यांचा 2021 मध्ये सर्जरी चालू असताना. तरी हे लोक भेटायचं थांबले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.
आणि मतदार यादीत नाव घाल लगेच. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून भारतीय नागरिकाला इथे पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं, केंद्रावर आयडी म्हणून आपला पासपोर्ट चालतो. कितीतरी जण वर्षानुवर्षं राहून हे करत नाहीत, वाईट वाटतं. कचरा, रस्त्याचे खड्डे असलं काही असेल तर मात्र एमपी नको, काउन्सिलर (नगरसेवक) गाठ.

नवा_रीडिंगकर:
मतदानाचं खरंच माहीत नव्हतं, आज रात्रीच फॉर्म भरतो. बायको अजून पुण्यात आहे, मग मेल मीच करायचा ना?

हॅरोवाला:
हो, तूच, इथे राहतोस तू. पण अर्ज तिचा आहे, म्हणून तिची लेखी संमती आणि अर्जाचा रेफरन्स नंबर सोबत जोड.