आयआरसीवरचा ‘म्हण पूर्ण करा’ बॉट टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर न्यायचाय: काय ठेवावं, काय नव्याने लिहावं?

कळफलक:

बॉट (आपोआप संदेश देणारा प्रोग्राम) पायथन २ मध्ये आहे. एकच फाइल, ९०० ओळी. थेट सॉकेट (नेटवर्कची कच्ची जोडणी) उघडून आयआरसी या जुन्या चॅट-व्यवस्थेला जोडतो, म्हणीचा पहिला अर्धा भाग टाकतो, ३० सेकंदांनी एक शब्द सुचवतो, ६० सेकंदांनी उत्तर सांगतो. गुण एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, निकखाली, म्हणजे आयआरसीवरच्या टोपणनावाखाली. खेळणारे बहुतेक जण आता टेलिग्रामवर, काही डिस्कॉर्डवर. आयआरसीवर पाचसहा जण उरलेत, त्यांनाही सोडायचं नाही.

टेलिग्रामवर चाचणी घेतली तर दोन अडचणी: गटात लिहिलेलं उत्तर बॉटपर्यंत पोचतच नाही, आणि खासगीत पोचलं तर बरोबर उत्तरालाही कधीकधी ‘चूक’ म्हणतो. तीन वेगळे बॉट करावेत की एकच? जुने गुण कसे न्यायचे?

सह्यवारा:

एकच. पण आधी खेळ आणि वाहतूक यांची फारकत करा. खेळाच्या कोडला सॉकेट, टोकन (मंचाने बॉटला दिलेली गुप्त किल्ली) यातलं काही कळता कामा नये. त्याला चारच गोष्टी द्या: कुठला मंच, कुठला गट, कोण बोललं, काय बोललं. त्याने परत द्यायची ती पाठवायच्या संदेशांची यादी. मग प्रत्येक मंचासाठी दीडदोनशे ओळींचा ॲडॅप्टर, म्हणजे मंच आणि खेळ यांच्यातला दुवा, पुरतो.

हे मी आग्रहाने सांगतोय, कारण दारं बंद होत राहतात. स्लॅक या कार्यालयीन चॅटचं आयआरसी गेटवे (आयआरसीतून स्लॅकमध्ये शिरायची वाट) १५ मे २०१८ ला बंद झालं. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवरच्या अनेक प्रकल्पांनी आपली चॅनेलं लिबेरा चॅट या नव्या नेटवर्कवर हलवली. डिस्कॉर्डसाठी पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी लायब्ररी ऑगस्ट २०२१ मध्ये थांबली आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. खेळ वेगळा ठेवला असेल तर अशा वेळी फक्त ॲडॅप्टर बदलतो.

पायथन ३ वर नेताना सॉकेटच्या वाचनाकडे नीट बघा. १०२४ बाइट वाचून लगेच डिकोड केलं (बाइटांची अक्षरं केली) की कधीतरी अक्षर मधोमध चिरतं, कारण देवनागरीचं प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ३ बाइट घेतं. आलेले बाइट साठवा, ओळ पूर्ण झाली की तोडा आणि मगच डिकोड करा. पाठवतानाही तेच. आयआरसीची ओळ शेवटच्या दोन चिन्हांसकट ५१२ बाइटची असते आणि सर्व्हर पुढे पाठवताना तुमचा निक व पत्ता त्यातच बसवतो. म्हणून मजकूर ४०० बाइटच्या आत, म्हणजे साधारण १३० चिन्हांत ठेवा. ‘चोराच्या’ हा एक शब्दच २४ बाइटचा आहे. टेलिग्रामची मर्यादा ४०९६ चिन्हं, डिस्कॉर्डची २०००. तोडण्याचं काम ॲडॅप्टरमध्येच हवं, खेळात नको.

आणि ते ३० सेकंदांचं थांबणं! जुन्या कोडमध्ये टाइम-स्लीप, म्हणजे सगळा प्रोग्राम थांबवणारी आज्ञा, असणार. तीन मंच एकाच प्रोसेसमध्ये चालवायचे तर एका गटातल्या त्या स्लीपने सगळं खोळंबतं. डिस्कॉर्डला ठरावीक अंतराने हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ असा इशारा) द्यावा लागतो, तो चुकला की जोडणी तुटते; आयआरसी सर्व्हरच्या ‘आहेस का?’ अशा पिंगला पाँग हे उत्तर गेलं नाही तरी तेच. पायथनच्या असिंक-आयओमधला स्लीप वापरा, तो बाकीची कामं चालू ठेवतो. शिवाय प्रश्न कधी टाकला ती वेळ डेटाबेसमध्ये लिहा, म्हणजे बॉट मध्येच पडला तरी उठल्यावर अर्धवट प्रश्न लटकत राहणार नाही.

अर्धविराम:

बरोबर उत्तराला ‘चूक’ म्हणतो, त्याचं कारण जवळजवळ नक्कीच ‘ऱ्या’ आहे. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ’ ही म्हण घ्या. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ पडद्यावर सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. पहिल्यात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). कुठला कीबोर्ड काय टाकेल याचा भरवसा नाही.

सगळे सुचवतात तसं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करणं) करा, पण त्याने एवढंच होतं की र आणि वेगळा नुक्ता जोडून एक ऱ बनतो. जॉइनरचा प्रकार त्याने सुटत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएफसी; मग ‘र + हलन्त + जॉइनर’ जिथे असेल तिथे ‘ऱ + हलन्त’; त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (जोड तोडणारं तसंच अदृश्य चिन्ह) काढा. जॉइनर आधी काढलात तर ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर चढतो आणि मूळ काय होतं ते परत कळायला मार्ग राहत नाही. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध ॲ आणि अ वर ॅ असे दोन प्रकार आहेत, एनएफसी त्यांना एक मानत नाही, हाताने बदला. हे सगळं एका फंक्शनमध्ये घाला आणि साठवलेल्या म्हणी व आलेलं उत्तर, दोन्ही त्यातूनच जाऊ द्या.

शब्द वेगळे करायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) ‘शब्दाचं अक्षर’ हा गट वापरत असाल तर तोही काढा. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये काना-मात्रा आणि हलन्त त्यात धरत नाहीत, त्यामुळे ‘चोराच्या’चे तुकडे होतात. विरामचिन्हं काढून मोकळ्या जागेवर तोडणं बरं. आणि ‘डोळ्यातलं / डोळ्यातले / डोळ्यांतले’ यांसाठी हुशारी करू नका. प्रत्येक म्हणीला मान्य उत्तरांची यादी द्या. लोक म्हणी जशा बोलतात तशा त्यात याव्यात, हा तर या खेळाचा जीव आहे.

दिवटी:

गटातली उत्तरं पोचत नाहीत ते टेलिग्रामच्या प्रायव्हसी मोडमुळे. तो मुळातच चालू असतो. त्यात बॉटला गटातल्या कमांड आणि त्याच्या संदेशाला दिलेले रिप्लाय मिळतात, साधी बडबड मिळत नाही. बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉट सांभाळणाऱ्या बॉटकडे प्रायव्हसीची कमांड देऊन मोड बंद करता येतो, पण त्यानंतर बॉटला गटातून काढून पुन्हा घ्यावं लागतं. ते राहून जातं आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो. माझ्या मते मोड चालूच ठेवा. प्रश्नासोबत ‘फोर्स रिप्लाय’ पाठवा, खेळणाऱ्याच्या फोनवर रिप्लायची चौकट आपोआप उघडते. गटातली बाकीची बोलणी वाचायचा बॉटला अधिकार नाही हे लोकांना आवडतंही.

डिस्कॉर्डवर १ सप्टेंबर २०२२ पासून मेसेज कंटेंट (संदेशाचा मजकूर वाचणं) ही वेगळी परवानगी झाली. डेव्हलपर पोर्टलमध्ये बटण चालू करा आणि कोडमध्येही मागा. कोडमध्ये मागून पोर्टलमध्ये नसेल तर जोडणीच नाकारली जाते; दोन्हीकडे नसेल तर काही तक्रार न करता मजकूर रिकामा येतो. स्लॅश कमांड (‘/’ने सुरू होणारी) घेतलीत तर ३ सेकंदांत प्रतिसाद द्यावा लागतो. तेवढ्यात जमणार नसेल तर आधी ‘डिफर’ (‘थांबा, उत्तर येतंय’ असा निरोप) पाठवा, मग १५ मिनिटं मिळतात.

टेलिग्रामवर ४०९ कॉन्फ्लिक्ट हा त्रुटी-संदेश दिसला तर त्याच टोकनवर दुसरी प्रत चालू आहे, किंवा जुना वेबहुक (संदेश ज्या पत्त्यावर आपोआप जावेत ती नोंद) काढायचा राहिलाय. शिवाय बॉट बंद असताना आलेले संदेश टेलिग्राम २४ तासांपर्यंत धरून ठेवतं. सुरू होताच ते धडाधड येतात आणि कालची उत्तरं आजच्या प्रश्नाला लागतात. संदेशाची वेळ प्रश्नाच्या वेळेआधीची असेल तर टाकून द्या. एका गटात मिनिटाला २० पेक्षा जास्त संदेश पाठवू नका.

कळफलक:

‘ऱ्या’च होता. यादीतल्या ११ म्हणींत जॉइनर सापडला. आता गुणांचं सांगा. काही जण व्हॉट्सॲपही मागताहेत.

सह्यवारा:

गुणांसाठी दोन तक्ते. एकात खेळाडू आणि त्याचे गुण; दुसऱ्यात मंच, त्या मंचावरचा आयडी आणि खेळाडूचा क्रमांक. मंच आणि आयडी ही जोडी एकमेव ठेवा. आयडी मजकूर म्हणून साठवा. डिस्कॉर्डचे ६४ बिटांचे असतात, कुठे जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येतून गेले तर शेवटचे अंक बदलतात. टेलिग्रामचा साधा गट सुपरग्रुप (मोठा गट) झाला की गटाचा आयडी बदलतो. त्या वेळी येणाऱ्या संदेशात नवा आयडी असतो, तो लगेच नोंदवा.

आयआरसीचा निक कुणीही घेऊ शकतो, म्हणून जुने गुण नुसत्या निकवर देऊ नका. निकसर्व्ह या आयआरसीच्या नोंदणी सेवेत लॉगिन असलेल्या खात्याला बॉटने ६ आकडी कोड द्यावा, १० मिनिटं चालणारा, एकदाच वापरता येणारा. तो टेलिग्रामवर बॉटला खासगीत पाठवला की दोन ओळखी जुळल्या. डेटाबेसला वॉल मोड (वाचणं आणि लिहिणं एकमेकांना अडवत नाही) लावा आणि बिझी टाइमआउट (कुलूप सुटायची वाट बघायची मुदत) ५००० मिलिसेकंद द्या, नाहीतर ‘डेटाबेस लॉक्ड’ दिसत राहील.

व्हॉट्सॲप सध्या नको. वेब आवृत्तीवर स्वार होणाऱ्या अनधिकृत लायब्ररींमुळे नंबर कायमचा बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपच्या अधिकृत क्लाउड एपीआयमध्ये (बॉटसाठीच्या सेवेत) समोरच्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांनी फक्त मंजूर साचेच (आधी मान्य करून घेतलेले संदेश) पाठवता येतात. रोज सकाळी आपणहून म्हण टाकायची तर गप्प बसलेल्यांसाठी त्या साच्यातूनच जावं लागेल.

अर्धविराम:

कळफलक, त्या ११ म्हणी दुरुस्त करण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा. आणि दुरुस्तीनंतर एकच म्हण दोनदा आलीय का तेही बघा. जॉइनरमुळे वेगळ्या दिसलेल्या नोंदी आता एक होतील.