टास्क कोरला बांधायचे की मोकळे सोडायचे?

रिकामटेकडा: टीममध्ये कालपासून वाद पेटलाय. दोन कोरचा (म्हणजे एकाच वेळी दोन कामं चालवणारा) बोर्ड, दर १० मिलीसेकंदाला उठणारे आणि पुढच्या वेळेआधी संपायलाच हवेत असे टास्क, आणि नवीन आलेला मुलगा म्हणतो सगळे एकाच रांगेत टाका, ज्याची डेडलाइन आधी तो आधी, जो कोर रिकामा तो उचलेल. मी म्हणतो प्रत्येक टास्क एका कोरला बांधा आणि निवांत झोपा. लियू-लेलँड या संशोधकांनी १९७३ लाच दाखवलंय की एका कोरवर ईडीएफ (हेच ते, ज्याची डेडलाइन आधी तो आधी) कोर १००% भरला तरी चालतो. शिवाय टास्क दुसऱ्या कोरवर गेला की कॅश (कोरजवळची वेगवान मेमरी) पुन्हा भरत बसा, ती कटकटच नको.

कर्नल_कोल्हापूरकर: बांधून दाखवा की मग! तीन टास्क, प्रत्येकाला १० पैकी ६ मिलीसेकंद. एकूण १.८ कोरचं काम, कोर २. कसेही बसवा, एका कोरवर दोन येणार आणि ६ + ६ = १२.

रिकामटेकडा: तुमच्या रांगेत तरी कुठे बसतायत? दोघं ० ते ६ पळणार, तिसरा ६ ला सुरू होऊन १२ ला संपणार, डेडलाइन १० ची. आणि ढल्ल-लियूंनी १९७८ मध्ये सांगितलेला घोळ वेगळाच. दोन बारके टास्क, १० मध्ये १ मिलीसेकंद, आणि एक जाडा, ११ मध्ये १०.५. बारक्यांची डेडलाइन आधी म्हणून दोन्ही कोर तेच अडवतात, जाडा १ ला उठतो, ११.५ ला संपतो, मेला. दोन कोर मिळून ५८% सुद्धा लोड नाही! बांधले असते तर काही झालं नसतं.

बिनपगारी_आर्किटेक्ट: अहो, टास्क मध्येच तोडता येतो हे दोघंही विसरलात. त्या तिघांचंच बघा: पहिला कोर १ वर ० ते ६. दुसरा कोर २ वर ० ते २, मग कोर १ वर ६ ते १०. तिसरा कोर २ वर २ ते ८. बसले की नाही? १९९६ चं पीफेअर नावाचं अल्गोरिदम हेच तुकडे करून सगळे कोर काठोकाठ भरतं.

रिकामटेकडा: कागदावर. प्रत्येक तुकड्यामागे स्विचचा खर्च कोण भरणार, तुम्ही?

कर्नल_कोल्हापूरकर: लिनक्सवाल्यांनी २०१४ ला ३.१४ मध्ये डेडलाइन शेड्युलर (कुठला टास्क कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) घेतला तो रांगेवालाच, पीफेअर नव्हे. अर्थात अनेक कोरवर तो उशीर मर्यादेत राहील एवढीच हमी देतो, हे मान्य. बाकी तुमचा सगळ्यात जाडा टास्क केवढा?

रिकामटेकडा: १० मध्ये २. एकूण सहा आहेत.

कर्नल_कोल्हापूरकर: एका कोरला तीन-तीन, ६०% च्या वर जातच नाही! मग भांडताय कशाला राव?