भगवानदादांचा बंगला कोणी घालवला?

टिळकवाडीकर : "भगवानदादांनी पैसा उधळला, त्यांच्या चाळीतल्या अखेरीबद्दल हळहळायचे कारण नाही," असे निपाणीच्या सदस्यांनी काल येथे लिहिले. ते वाचल्यापासून अस्वस्थ आहे. गिरणी कामगाराच्या या मुलाने १९५१ साली 'अलबेला' हा हिंदी चित्रपट स्वतः काढला, स्वतः दिग्दर्शित केला आणि गीता बालीसमोर नायक म्हणून स्वतःच उभा राहिला. सी. रामचंद्रांच्या चालींवरची ती दुडकी पावले आमच्या गल्लीतले थोरले काका गणपती विसर्जनाला बेळगावच्या कपिलेश्वर तलावापर्यंत टाकत जात. पुढे 'झमेला' आणि 'लाबेला' यांना ते यश लाभले नाही. निर्माता स्वतःचेच घर पणाला लावून चित्रपट काढतो, तेव्हा चित्रपट पडला की घरही जाते, याला उधळेपणा म्हणत नाहीत.

निपाणीकर : माझे मत कायम आहे. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात वारांना सात मोटारी हा धंद्याचा खर्च नव्हे. तंबाखूला भाव आला त्या वर्षी माडी चढवून पुढच्याच वर्षी वखार विकणारे माझे सख्खे मामा होते. त्यांनीही आयुष्यभर बाजारालाच दोष दिला आणि मामी मात्र विड्या वळत राहिली.

वडगावकर : आमच्या घरी चार माग होते. साड्यांची उधारी बुडाली, माग एकेक करून गेले आणि वडील दुसऱ्याच्या मागावर रोजाने बसले. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून त्यांनी जेवणाचा डबा सुताच्या पिशवीत खाली दडवून नेला. त्यांनाही गल्लीत उधळ्याच म्हणत, कारण आदल्या दिवाळीत त्यांनी रेडिओ घेतला होता. भगवानदादांनी नंतर इतरांच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या, तीच पावले पुन्हा पुन्हा टाकली. ते पाहताना मला तो डबा आठवतो.

खानापूरची शिक्षिका : बंगल्यासाठी एवढे अश्रू ढाळता, मग ललिता पवारांचे काय? १९४२ साली चित्रीकरणात याच भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिका म्हणून असलेली त्यांची कारकीर्द तिथेच संपली.

टिळकवाडीकर : तो अपघात होता, बाई. या धाग्याचा विषय वेगळा आहे, तो कृपया भरकटवू नका.

खानापूरची शिक्षिका : विषय उमेदीत कोसळलेल्या कलावंताचा असेल, तर तो हाच आहे! माझ्या आत्याचे तोंड विसाव्या वर्षी वाकडे झाले; पुढच्या प्रत्येक छायाचित्रात तिचा पदर डाव्या गालावर ओढलेला आहे. ललिताबाई तीन वर्षे उपचार घेऊन त्याच डोळ्यानिशी कॅमेऱ्यासमोर परतल्या, खाष्ट सासू झाल्या आणि 'अनाडी'साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. त्यांचे गेले ते बंगल्याहून मोठे होते आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती.

वडगावकर : बाईंचे म्हणणे मान्य आहे. पण एकीचे दुःख मोठे ठरवण्यासाठी दुसऱ्याचे लहान करू नये.

टिळकवाडीकर : "भरकटवू नका" हे शब्द मागे घेतो. मात्र दादांनी जाणूनबुजून काही केले, असे कोणी सुचवत असेल तर ते मी ऐकून घेणार नाही.

निपाणीकर : मागाची हकिकत वाचल्यावर 'उधळला' हा शब्द काढून 'गमावला' असा करतो. सात मोटारींबद्दलचे मत बदलणार नाही.