गॅस गिझर काढून लाइटचा बसवायचा आहे: वायर, पाइप काय बदलावं?

दर्यापूरकर: न्हाणीत ६ लिटरचा गॅस गिझर आहे, त्याजागी १५ लिटरचा लाइटचा लावायचा आहे. बोअरचं पाणी खारं. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं. न्हाणीच्या बोर्डावरूनच लाइन घेतली तर चालेल का? की ३ किलोवॅटचा इन्स्टंट (वाहतं पाणी लगेच तापवणारा) घ्यावा?

वायरमन_वऱ्हाड: बोर्डावरून नका घेऊ भाऊ. २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, बल्ब-पंख्याची वायर गरम होऊन जळते. मीटरजवळून वेगळी लाइन घ्या: तांब्याची २.५ स्क्वेअर (चौरस मिमी) वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचं सॉकेट, स्विच न्हाणीबाहेर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) तर पाहिजेच. गिझरमधला तापणारा रॉड फुटला की करंट पाण्यात उतरते. अर्थिंगही तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, त्याच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढीचा अर्ज करा.

इन्स्टंट नको. १८० व्होल्टवर गिझरची ताकद साठ टक्क्यांवर येते, मग इन्स्टंटमधून पाणी कोमटच येईल. टाकीवाल्याला १८ मिनिटांऐवजी अर्धा तास लागेल, पण पाणी तापेल. अन् लाइन गेली तरी काही वेळ गरम राहते.

नळवाला: आपल्या खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात) स्टीलची टाकी घेऊ नका, क्षाराने बारीक भोकं पडतात. काचेचा थर दिलेली घ्या. आतला मॅग्नेशियमचा अनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) दर सहा महिन्यांनी काढून पाहा, मधली तार दिसली की बदला. दुकानदार हे सांगत नाही! थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या वर नको, रॉडवर चुन्याची पापडी लवकर चढते.

गरम बाजूला पांढरा पीव्हीसी पाइप असेल तर काढा, मऊ पडतो. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) लावा. थंड बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब गळतात, ते गळूच द्या. बूच मारलं तर टाकी फुटू शकते. मातीच्या भिंतीवर लावू नका, भरलेला गिझर पंचवीसेक किलो होतो. गरम नळातून सलग धार आल्याशिवाय बटन दाबू नका, कोरडा रॉड लगेच जळतो.

दर्यापूरकर: गॅसची नळी शेगडीच्या नळीला टी लावून जोडली आहे. टीला नुसतं बूच मारून ठेवू का?

नळवाला: नाही, टीच काढा. रेग्युलेटर बंद करून शेगडीला नवी अखंड सुरक्षा नळी लावा अन् दोन्ही टोकं साबणाच्या फेसाने तपासा.